रिओ ग्रांदेच्या काठावरचं पब्लिक हायस्कूल, तीन वर्षांचा अनुभव

ह्यूस्टन सोडून इथे रिओ ग्रांदे व्हॅलीत यायचं ठरलं तेव्हा ज्याला त्याला सांगावं तो एकच म्हणायचा, अहो निदान लेकीचं हायस्कूल होईपर्यंत तरी थांबा. शाळांच्या रेटिंगच्या साइटवर आमच्या झोनमधल्या शाळेचा आकडा बघून माझ्याही पोटात गोळा आला होता, खोटं कशाला बोलू. आता लेक ज्युनियर इयर, म्हणजे अकरावी संपवतेय, आणि मी ठामपणे सांगते की त्या आकड्यावरून ही शाळा अजिबात कळत नाही.

इथली परिस्थिती आधी सांगते. टेक्ससचं अगदी दक्षिण टोक, नदीपलीकडे मेक्सिको. आपण रिओ ग्रांदे म्हणतो तिला पलीकडचे लोक रिओ ब्राव्हो म्हणतात. आम्ही आलो तेव्हा घरामागे ग्रेपफ्रूटची बाग होती, आता तिथे नवीन घरांच्या रांगा आहेत, आणि असं सगळीकडेच चाललंय. त्यामुळे मुलं वाढलीत आणि बिल्डिंग तेवढीच. लेकीचे दोन क्लास मागच्या पोर्टेबल खोल्यांमध्ये भरतात, ऑगस्टच्या उन्हात मेन बिल्डिंगमधून तिथे चालत जायचं म्हणजे पोरं घामाघूम होऊन वर्गात बसतात. सुटताना गाड्यांची लाइन इतकी लांब असते की मी पुस्तक घेऊनच जाते.

पण अ‍ॅडमिशनचा दिवस मी विसरणार नाही. जुन्या शाळेची ट्रान्स्क्रिप्ट आली नव्हती, मला टेन्शन, लेक रडवेली. काउंटरवरच्या बाई तिला म्हणाल्या, "काळजी करू नको मिहा, आज वर्गात बस, कागद येतील." मिहा म्हणजे आपण बाळा म्हणतो ना, तसंच. घराचा पत्ता दाखवायला लाइटबिल, लसीकरणाचं कार्ड आणि जन्मदाखला, बस, एवढंच मागितलं. व्हिसा, इमिग्रेशन वगैरे कुणी विचारलं नाही आणि विचारायचंही नसतं, 1982 साली सुप्रीम कोर्टाने टेक्ससच्याच एका केसमध्ये निकाल दिलाय की कागद असोत नसोत, मुलाला पब्लिक शाळेत घ्यायचंच. नवीन आलेल्या पोराला सामावून घ्यायची या शाळेला सवय आहे, आणि मला वाटतं तिची खरी ताकद तीच आहे. बायॉलॉजीच्या वर्गात भिंतीवर प्रत्येक शब्द इंग्लिश आणि स्पॅनिश दोन्हीत लिहिलेला आहे, शाळेतून येणारे मेसेजही दोन्ही भाषांत येतात.

आता मारियाचीबद्दल, म्हणजे मेक्सिकन पारंपरिक गाण्या-वाजवण्याच्या बँडबद्दल. लेक आधीच्या शाळेत ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायची, इथे तो तास तिच्या मॅथ्सशी क्लॅश झाला म्हणून मारियाचीत घातलं. मी नाराज होते. पहिल्या कार्यक्रमाच्या दिवशी तिच्या काळ्या स्कर्टची शिवण उसवली, कडेला चांदीची बटणं असतात तो ड्रेस, तर एक अनोळखी आई तोंडात टाचण्या धरून गुडघ्यावर बसली आणि पाच मिनिटांत शिवून मोकळी झाली. तिला इंग्लिश येत नव्हतं, मला स्पॅनिश येत नव्हतं. मग गितारॉनचा, म्हणजे मोठ्या पोटाच्या बास गिटारचा, तो जाड आवाज सुरू झाला आणि मागच्या रांगेतल्या आज्या शब्दन्‌शब्द गायला लागल्या, माझ्या अंगावर काटा आला. एक लक्षात ठेवा, ऑनर्ससारखे काही अवघड कोर्स सोडले तर कुठल्याही विषयात 70 च्या खाली मार्क गेले की किमान तीन आठवडे स्पर्धा बंद, फुटबॉल असो की मारियाची, 1984 च्या कायद्यापासून अख्ख्या राज्यात हा नियम आहे, आधी तर बंदी सहा आठवड्यांची होती. त्यामुळे मारियाचीचे सर स्वतः मुलांना अभ्यासाला बसवतात.

अभ्यासात सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ड्युअल क्रेडिट. साउथ टेक्सस कॉलेजचे कोर्स हायस्कूलमध्ये असतानाच करता येतात, लेकीचे आत्तापर्यंत 18 क्रेडिट झालेत आणि आम्हाला ट्युशन फी एक डॉलरही पडली नाही. तिच्या कितीतरी मैत्रिणींच्या घरात आधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, त्या हायस्कूलमध्येच कॉलेजचे पेपर लिहितायत, हे बघून फार बरं वाटतं.

पण इथेच माझी मोठी तक्रार आहे. ड्युअल क्रेडिटसाठी टीएसआय टेस्ट, म्हणजे कॉलेजच्या अभ्यासाची तयारी आहे का ते बघणारी टेक्ससची परीक्षा, पास व्हावी लागते हे आम्हाला काउन्सेलरने वेळेत सांगितलंच नाही, अख्खं सेमिस्टर वाया गेलं. एकेका काउन्सेलरकडे एवढी मुलं असतात की गप्प बसणारं पोर मागेच राहतं. माझं मी नंतर दारात उभं राहून करून घेतलं, पण ज्या आईला कामावरून सुट्टी मिळत नाही तिने काय करायचं, याचा मला खरंच राग येतो. एपी फिजिक्स सी, म्हणजे कॅल्क्युलस वापरून शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा फिजिक्सचा कोर्स, तोही इथे नाही, इंजिनीअरिंगला जाणाऱ्या मुलांना ते खटकतं.

रँकबद्दल लोक नेहमी विचारतात म्हणून सांगते. 1997 च्या कायद्याने टेक्ससमध्ये आपल्या शाळेत टॉप 10 टक्क्यांत असाल तर स्टेट युनिव्हर्सिटीत ऑटोमॅटिक अ‍ॅडमिशन मिळते, फक्त यूटी ऑस्टिनला 2026 च्या फॉलपासून ते टॉप 5 टक्के झालंय. रँक आपापल्या शाळेत लागतो, म्हणजे रेटिंग कमी म्हणून मुलाचं नुकसान होतं असं अजिबात नाही. मात्र इथे पहिल्या नंबरांची पोरं जबरदस्त हुशार आहेत, सोपं जाईल असं समजून येऊ नका.

माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, एक काउन्सेलिंगचा कापला. येणार असाल तर शाळा ऑगस्टमध्ये सुरू होते हे धरून चाला, लाइटबिल आपल्या नावावर आधीच करून घ्या, आणि पहिल्याच भेटीत टीएसआयची तारीख स्वतःहून विचारा.