एका सेनेटरची बारा वर्षे: ऑस्ट्रेलियाच्या हॅन्सार्ड सेवेचे परीक्षण

ऑस्ट्रेलियाच्या संसदेतील चर्चा आणि मतदान यांची अधिकृत नोंद हॅन्सार्ड या नावाने प्रसिद्ध होते आणि १९०१ साली तिथली संसद अस्तित्वात आली तेव्हापासूनचे सगळे खंड आज संसदेच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येतात. अशा सेवेची पारख शोधखिडकीत एखादा शब्द टाकून होत नाही. एखादा सदस्य निवडावा, त्याच्या पहिल्या भाषणापासून शेवटच्या मतापर्यंत त्याची सोबत करावी आणि एवढ्या वाचनानंतर तो माणूस आपल्याला कितपत कळला हे स्वतःला विचारावे, म्हणजे नोंदीचे खरे मोल समजते. मी त्यासाठी क्वीन्सलंड राज्याचे सेनेटर नेव्हिल बॉनर यांची निवड केली. १९७१ ते १९८३ या काळात ते सेनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात होते आणि त्या देशाच्या संसदेत बसलेले ते पहिले मूळ रहिवासी होत.

त्यांची थोडी ओळख करून द्यायला हवी, कारण हॅन्सार्ड ती करून देत नाही. बॉनर यांचा जन्म १९२२ सालचा, ट्वीड नदीच्या मुखाजवळच्या एका लहानशा बेटावरचा. शालेय शिक्षण अगदी थोडे झाले. ऊसतोडणी आणि गुराख्याचे काम करून त्यांनी पोट भरले, पाम बेटावरच्या वसाहतीत अनेक वर्षे काढली आणि पुढे इप्सविच शहरात स्थायिक होऊन बूमरँग तयार करण्याचा छोटा व्यवसाय केला. मूळ रहिवाशांसाठी कायदे करण्याचा अधिकार केंद्रीय संसदेला देणारे सार्वमत १९६७ साली नव्वद टक्क्यांहून अधिक मतांनी मंजूर झाले आणि त्याच वर्षी बॉनर लिबरल पक्षात आले. क्वीन्सलंडच्या सेनेटर डेम अ‍ॅनाबेल रँकिन यांच्या राजीनाम्याने रिकामी झालेली जागा १९७१ साली त्यांना मिळाली. त्या वेळी सेनेटमध्ये साठ सदस्य होते.

त्यांचे पहिले भाषण ८ सप्टेंबर १९७१ चे आहे. माझ्या मते या सेवेची ताकद पहिल्यांदा जाणवते ती इथे. आपल्यातला मूळ रहिवासी या भूमीच्या मूळ माणसांचा आवाज म्हणून ऐकला जावा यासाठी तळमळतो आहे, आम्ही फार काळ टाहो फोडत आलो आणि ऐकणारे फारच थोडे निघाले, अशा आशयाचे त्यांचे उद्गार अनेक ठिकाणी उद्धृत होतात. संपूर्ण भाषण समोर असले की त्या उद्गारांच्या सोबतीला असलेला दुसरा धागाही दिसतो. आपले राज्य, आपला वंश, आपली पार्श्वभूमी, आपली राजकीय मते आणि माणसांची व परिस्थितीची आपल्याला असलेली जाण जी भूमिका सांगेल ती आपण पार पाडू आणि ती सर्व ऑस्ट्रेलियनांच्या हिताची असेल, असे ते सांगतात. या क्रमात राज्य आधी येते, वंश त्यानंतर आणि राजकीय मते त्याच्याही नंतर. त्यांची बारा वर्षांची कारकीर्द वाचून मी पुन्हा या वाक्यापाशी आलो तेव्हा मला तो क्रम मनापासून मांडलेला वाटला, कारण पक्ष आणि वंश यांच्यात ओढाताण झाली तेव्हा त्यांनी कोणती बाजू धरली हे पुढच्या पानांवर तारखेनिशी नोंदलेले आहे.

त्यांतले सर्वांत महत्त्वाचे पान २० फेब्रुवारी १९७५ चे. बॉनर तेव्हा विरोधी बाकांवर होते आणि सरकार गॉफ व्हिटलम यांच्या मजूर पक्षाचे होते. १७८८ साली पहिला ब्रिटिश ताफा बॉटनी बे येथे आला त्याआधी हा संपूर्ण देश मूळ रहिवाशांच्या आणि टॉरेस सामुद्रधुनीतील बेटवासीयांच्या ताब्यात होता ही वस्तुस्थिती सेनेट स्वीकारते, सरकारने त्यांची ती पूर्वापार मालकी मान्य करावी आणि भूमी हिरावली गेल्याबद्दल त्यांना भरपाई देणारा कायदा आणावा, असा त्यांचा ठराव होता. सेनेटने तो एकमताने संमत केला. ब्रिटिश येण्यापूर्वी ही भूमी कोणाचीच नव्हती, हा समज तिथल्या उच्च न्यायालयाने (तेच त्या देशातले सर्वांत वरचे न्यायालय) मूळ रहिवाशांच्या भूमिहक्काविषयीच्या माबो खटल्यात ३ जून १९९२ रोजी नाकारला, म्हणजे एका सेनेटरच्या ठरावाने सभागृहाकडून जे वदवून घेतले ते न्यायालयातून कायदा म्हणून यायला आणखी सतरा वर्षे लागली. व्हिटलम सरकार १९७५ सालीच ११ नोव्हेंबरला बडतर्फ झाले आणि त्याच्या उरलेल्या काळात भरपाईचा तसा कायदा आला नाही. ठरावाला कायद्याचे बळ नव्हते हे खरे असले, तरी ठरावाची भाषा आजही वाचावी इतकी नेमकी आहे. वस्तुस्थितीचा स्वीकार, मालकीची मान्यता आणि भरपाई या तीन पायऱ्या एकाच वाक्यात आहेत आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे. राष्ट्रीय धोरणाविषयी भाषणे पुष्कळ होतात. धोरणाचा मसुदा म्हणून उचलता येईल असे वाक्य सभागृहापुढे ठेवणारे सदस्य थोडे असतात आणि बॉनर त्यांपैकी होते, असे मी हे पान वाचून निःशंकपणे म्हणेन.

याच पानावर हॅन्सार्डची एक मोठी मर्यादाही लक्षात येते. मतविभाजन, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सदस्यांची मोजणी, मागितले गेले तरच सदस्यांची नावे नोंदीत येतात. आवाजी मतदानाने निर्णय झाला तर प्रस्ताव संमत झाला एवढीच ओळ उरते. त्यामुळे बॉनर यांच्या सर्वांत मोठ्या यशाच्या बाजूला उभ्या राहिलेल्या सदस्यांची नावनिशीवार यादी वाचकाला मिळत नाही. याउलट त्यांनी स्वपक्षाच्या विरोधात मत दिले ते सगळे प्रसंग नावांसह नोंदलेले आहेत. अशा प्रसंगांची संख्या ३४ सांगितली जाते. आपला बाक सोडून सभागृह ओलांडायचे आणि समोरच्यांत जाऊन बसायचे, ही तिथली पक्षाविरुद्ध मत देण्याची रीत आहे. मात्र मतविभाजनाची यादी पाहताना हे नाट्य आपणहून डोळ्यांत भरत नाही. त्या यादीत 'होय' आणि 'नाही' असे दोन गट असतात, गटात आडनावे वर्णानुक्रमे असतात आणि पक्षाचा उल्लेख कुठेही नसतो. मजूर पक्षाच्या सदस्यांच्या रांगेत वरच्या बाजूला 'बॉनर' हे नाव इतर नावांसारखेच निमूट छापलेले असते. त्या दिवशी कोण कोणत्या पक्षात होते हे वाचकाला आधीपासून ठाऊक असेल तरच त्या एका नावाचा अर्थ त्याला कळतो. हॅन्सार्ड वाचणाऱ्याने त्या काळातील सदस्यांची पक्षनिहाय यादी शेजारी ठेवावी, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. माझे पहिले काही आठवडे याच अज्ञानात गेले आणि पुढे सगळी मतविभाजने मला नव्याने वाचावी लागली.

आता नोंदीच्या विश्वासार्हतेविषयी. हॅन्सार्ड म्हणजे ध्वनिमुद्रणाची अक्षरशः नक्कल नाही. पुनरुक्ती आणि उघड चुका दूर केल्या जातात, परंतु अर्थामध्ये भर घालणारे काहीही वगळायचे नाही आणि भाषणाचा आशय बदलायचा नाही, हे तिचे तत्त्व आहे. आजच्या बैठकीचा कच्चा मसुदा त्याच दिवशी वाचायला मिळतो आणि तपासणीनंतर त्याची अधिकृत आवृत्ती निघते, तेव्हा ताज्या चर्चेतले एखादे विधान उद्धृत करायचे असेल तर आपल्यासमोर कोणती आवृत्ती आहे हे आधी पाहून घ्यावे. मध्येच मारलेले शेरे बोलणाऱ्याने त्यांना उत्तर दिले तरच साधारणपणे नोंदले जातात. या नियमामागचे कारण समजण्याजोगे आहे, पण बॉनर यांच्यासारखा सदस्य बोलत असताना सभागृहात काय कुजबुजले गेले असेल याचा अंदाज करण्याखेरीज वाचकाच्या हाती काही राहत नाही. माझ्या लेखी ही नोंदीची खरी उणीव आहे, कारण धोरणावरची चर्चा केवळ भाषणांतून घडत नाही, ऐकणाऱ्यांच्या प्रतिसादातूनही घडते.

नंतरच्या काळातील खंड वाचताना आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. सेनेटमध्ये मंत्री विधेयक मांडतात तेव्हा दुसऱ्या वाचनाचे, म्हणजे विधेयकाचा हेतू सांगणारे भाषण प्रत्यक्ष न वाचता ते नोंदीत समाविष्ट करण्याची परवानगी मागतात आणि सभागृह ती देते. भाषणाच्या आधी परवानगी मिळाल्याची आणि पुढील भाषण समाविष्ट केल्याची एक लहानशी ओळ असते. ती ओळ नजरेतून निसटली तर सभागृहात कधीच उच्चारले न गेलेले भाषण उच्चारलेले म्हणून आपण वाचतो. मी एकदा नेमके हेच केले आणि त्या भाषणाच्या ओघवतेपणाविषयी टिपणही लिहून ठेवले. ते टिपण पुढे रद्द करावे लागले. बोललेले आणि समाविष्ट केलेले यांच्यासाठी मजकुराची मांडणी ठळकपणे वेगळी असती तर ही चूक टळली असती.

शोधाच्या सोयीविषयी थोडक्यात सांगतो. वक्त्याचे नाव, सभागृह आणि तारखांची मर्यादा या तीन अटी एकत्र लावल्या की एका सदस्याचे बोलणे बऱ्यापैकी वेगळे काढता येते. जुने खंड छापील पानांवरून संगणकात आणलेले असल्यामुळे त्यांत अक्षरांच्या चुका आढळतात, म्हणून महत्त्वाचे वाक्य मूळ पानाच्या प्रतिमेशी ताडून घेणे बरे. १९०१ ते १९८० या काळातील चर्चा अधिक वाचनीय रूपात देणारे 'हिस्टॉरिक हॅन्सार्ड' हे स्वतंत्र संकेतस्थळ एका इतिहासकाराने तयार केले आहे आणि सलग वाचनासाठी ते मला फार उपयोगी वाटले. फक्त बॉनर यांची कारकीर्द १९८३ पर्यंत चालत असल्याने शेवटच्या वर्षांसाठी पुन्हा मूळ सेवेकडे वळावे लागते. आजचे सेनेटर काय बोलतात यावर लक्ष ठेवायचे असेल, तर 'ओपन ऑस्ट्रेलिया' ही एका धर्मादाय संस्थेची सेवा आहे. एखाद्या सदस्याचे नाव नोंदवले की तो बोलला त्याची सूचना ती ईमेलने विनामूल्य पाठवते. याच संस्थेच्या दुसऱ्या संकेतस्थळावर सदस्यांची मते धोरणांनुसार लावलेली पाहायला मिळतात आणि नुसत्या नावांच्या यादीत जी कमतरता मी वर सांगितली तिची बरीचशी भरपाई आजच्या सदस्यांपुरती तिथे होते.

हे सगळे सांगून झाल्यावरही या सेवेचे जे मोल मला सर्वांत मोठे वाटते ते शोधखिडकीतून दिसत नाही, ते सलग वाचल्यावर दिसते. १९८३ च्या निवडणुकीत पक्षाने बॉनर यांना क्वीन्सलंडच्या उमेदवारयादीत तिसऱ्या क्रमांकावर टाकले, ते अपक्ष म्हणून उभे राहिले आणि पराभूत झाले. त्यानंतर एडन रिजवे १९९९ साली सेनेटमध्ये येईपर्यंत सोळा वर्षे त्या संसदेत एकही मूळ रहिवासी नव्हता. माबो निकालानंतरचा मूळ रहिवाशांच्या भूमिहक्काचा कायदा डिसेंबर १९९३ मध्ये सेनेटने प्रदीर्घ चर्चेअंती संमत केला तो याच सोळा वर्षांत. त्या चर्चेची पाने १९७५ च्या ठरावानंतर लगेच वाचायला घ्यावीत. त्यांत कायद्याचे बारकावे आहेत, दुरुस्त्यांमागून दुरुस्त्या आहेत, पोटतिडकीने केलेली भाषणे आहेत. आपल्या लोकांची भूमी असा शब्दप्रयोग स्वतःच्या हक्काने करू शकेल असा वक्ता मात्र त्यांत एकही नाही. अठरा वर्षांपूर्वी तो त्याच सेनेटमध्ये होता आणि त्याने मांडलेले वाक्य त्याच नोंदीत जसेच्या तसे आहे.

ज्यांना ही सेवा वापरून पाहायची आहे त्यांनी ८ सप्टेंबर १९७१ पासून सुरुवात करावी, तिथून २० फेब्रुवारी १९७५ कडे जावे आणि मग डिसेंबर १९९३ च्या पानांना दोन-तीन संध्याकाळ द्याव्यात. फेब्रुवारी १९९९ मध्ये बॉनर गेले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिजवे यांनी सेनेटमध्ये पहिले भाषण केले. तेही याच संग्रहात आहे आणि ते सर्वांत शेवटी वाचावे.