कुलमुखत्यारपत्र द्यावं की खास मुखत्यारपत्र?

केळीचा मळा रावेरला आणि मालक नोकरीला पुण्यात, अशी घरं आपल्या खान्देशात गावोगाव आहेत. मग मुखत्यार, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करणारा माणूस, नेमावाच लागतो. त्याला तसा अधिकार देणारा कागद म्हणजे मुखत्यारपत्र.

खास मुखत्यारपत्र ठरावीक कामापुरतं असतं: अमुक गटाचं खरेदीखत नोंदवणं, अमुक दाव्यात हजर राहणं. काम झालं की ते संपतं. कुलमुखत्यारपत्रात बँक, कोर्ट, शेती, सगळाच कारभार एका हाती जातो. माझ्या आत्याने अमळनेरला असाच कागद एका नातेवाइकाला दिला. "सातबाऱ्याच्या कामाला लागतो" म्हणून अंगठा घेतला. आत 'विक्री करणे' हेही होतं. विहिरीकडचा तुकडा गेल्यावरच तिला कळलं. आजही तिकडून जाताना ती मान वळवते.

म्हणून माझं मत खासच्या बाजूने. परदेशी राहत असाल आणि माणूस खात्रीचा असेल, तरच कुल.

देणारा वारला की दोन्ही साधारणपणे संपतात. आणि नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर जमीन 'विकत' घेऊ नका. त्याने मालकी मिळत नाही, नोंदणीकृत खरेदीखतच लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केलंय. दिलेलं मुखत्यारपत्र रद्द करायचं असेल तर मुखत्याराला लेखी कळवा, पोच जपून ठेवा.