ब्लानिक एल-१३ चं बाल्सा किट : आठ महिने, तीन जॉइनर आणि कुरिअरचे १८० रुपये

काल दुपारी कुरिअरवाला दारात आला आणि म्हणाला काका १८० रुपये, टू-पे हाय. वॉरंटीतला पार्ट, त्यांची चूक, आणि कुरिअर माझ्या पैशानं. किटला साडेअठरा हजार मोजताना एवढं दुखलं नव्हतं. म्हणून हे लिहायला बसलोय, नाहीतर रिव्ह्यू लिहिणाऱ्यातला मी नव्हे.

किट कुठलं ते हा सेक्शन वाचणाऱ्यांना माहिती असणारच, ब्लानिक ह्या बिनइंजिनाच्या टू-सीटर ग्लायडरचं रिमोटवर उडणारं मॉडेल, १:६ स्केल, २.७ मीटर स्पॅन, लेझर-कट बाल्सा आणि लाइटप्लाय, तयार होऊन माझं २ किलो १०० ग्रॅम भरलं. स्पेसिफिकेशन परत लिहीत बसत नाही. माझा धंदा पॅटर्न मेकिंगचा, फाउंड्रीला लाकडी पॅटर्न करून देतो, त्यामुळं लाकूडकामाबद्दल मी जरा जास्तच खडूस आहे हे आधीच सांगतो. तरी सांगतो, कटिंग एक नंबर. पंखाच्या रिब (आकार देणाऱ्या पट्ट्या) एकावर एक ठेवल्या तर नख अडकत नाही. पावसाळाभर रोज रात्री जेवण झालं की दोन तास, असं करत दसऱ्याला विमान उभं राहिलं. बायको म्हणाली पाळणा केलाय का काय एवढा लांब.

आता मुद्द्यावर येतो. जॉइनर.

दोन्ही पंख बॉडीला जोडणारा ८ एमएमचा रॉड. ब्लानिकचे पंख एक तर वर उचललेले असतात, आणि दुसरं म्हणजे ५ डिग्री पुढं झुकलेले. हो, पुढं. जेट विमानाचे मागं झुकतात, याचे नाकाकडं. म्हणजे रॉड मधोमध वाकवायचा तो वर पण आणि पुढं पण, दोन्ही एकाच बेंडमधे. किटवाल्यानं माइल्ड स्टीलचा रॉड घेतला आणि बहुतेक गुडघ्यावर ठेवून वाकवला. मॅन्युअलमधे अँगलबद्दल एक ओळ नाही. त्यामागं तीन एमएमची एक पिन, पंख फिरू नये म्हणून, तिचं भोक पहिल्या महिन्यातच सैल.

ऑक्टोबरात पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर हाय-स्टार्टनं, म्हणजे ताणलेल्या रबरानं गलोलीसारखं सोडून, पहिली उड्डाणं केली. ३० मीटर रबर, १०० मीटर दोरी. (कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला, त्या अंगाला मी बॅटरीसुद्धा चार्ज करत नाही, नवीन पोरांनी पण करू नये.) विमान वर गेलं, ग्लाइड झकास, पण सारखं उजवीकडं ओढतंय. मी रडर (शेपटीचं सुकाणू) ट्रिम केला, मग आयलेरॉन (पंखाच्या टोकाकडच्या हलत्या पट्ट्या) ट्रिम केला, मग नाकात शिसं घातलं, मग शिसं काढलं. चार महिने मी ह्याच उद्योगात. सांगलीचा एक मित्र फोमचं एएसके-२१ ग्लायडर घेऊन येतो, डब्यातून काढतो, उडवतो, डबा खातो, घरी जातो. तो म्हणायचा भावा तुझं विमान लाजतंय, सरळ बघतच नाही. तेव्हा मी हसलो.

मग फेब्रुवारीत एका रविवारी कड्याच्या वाऱ्यावर मस्त उंची मिळाली आणि मला हौस आली. डाइव्ह दिला, स्पीड आला, आणि लूपसाठी (उभ्या गोल गिरकीसाठी) खेचलं. दोन्ही पंख वर गेले ते वरच राहिले, घार उतरताना पंख धरते तसे. तुटले नाहीत. पडलं पण नाही. तसंच डुलत डुलत गवतात येऊन बसलं, वर बघणाऱ्या दोन गुराखी पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं ही स्टाइल आहे.

रॉड काढला तर केळीगत वाकलेला. घरी येऊन बेव्हल प्रोट्रॅक्टर लावला. डावा पंख ५ डिग्री पुढं, उजवा जेमतेम ४. पहिल्यांदा वाटलं वाकताना झालं असेल, पण वाकला होता वरच्या दिशेला, पुढं-मागं नव्हे. म्हणजे हे जन्मजात. म्हणजे चार महिने मी ट्रिम करत होतो ते रॉडच्या चुकीला. एक डिग्री! फाउंड्रीत मी असा पॅटर्न दिला असता तर मालकानं डोक्यात घातला असता.

व्हॉट्सॅपवर सर्व्हिसला कळवलं. सर फोटो पाठवा. पाठवला. सर व्हिडिओ पाठवा. पाठवला. सर हे हँडलिंगमुळं. मी प्रोट्रॅक्टरसकट फोटो पाठवला. दोन दिवस निळी टिक, उत्तर नाही. मग सर वन टाइम गुडविल म्हणून रिप्लेसमेंट देतो. पाच आठवड्यांनी रॉड आला, त्यालाही उजवीकडं ४. म्हणजे ह्यांच्याकडं जिग (वाकवायचा साचा) आहे आणि जिगच चुकलंय, सगळ्यांना हेच गेलंय. हे मी कळवलं तर म्हणे सर बाकी कुणाची कंप्लेंट नाही. नसणारच, बाकीचे ट्रिम करत बसले असतील.

शेवटी रॉड घेऊन कोल्हापुरातल्या उद्यमनगरात, वर्कशॉपच्या भागात, ओळखीच्या लेथवाल्याकडं गेलो. त्यानं रॉड फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाला, ‘पाव्हणं, ह्यो वाकवायचाच कशाला? मधी ब्लॉक टाका की, तिरकी भोकं मारतो दोन्हीकडनं, सरळ पिना बसवा.’ आणि मग विचारलं, ‘पर पंख सरळ का न्हाईत केलं ओ त्यांनी? समदी कटकटच मिटली असती.’

मला उत्तर आलं नाही. तोवर माझं मत असं होतं की हा स्वीप, म्हणजे पंखांचा पुढचा झुकाव, निव्वळ दिखाऊपणा. हा रिव्ह्यू मार्चमधे लिहिला असता तर तेच लिहिलं असतं, डिझायनरला नावं ठेवून मोकळा झालो असतो. ते मत आता बदललंय आणि ते कसं बदललं ते सांगायलाच पाहिजे, कारण त्याला कारण किटचा दुसरा कंजूषपणा आहे.

टू-सीटर म्हणून विकतात आणि डब्यात पायलट एकच! प्लास्टिकचा, पुढच्या सीटचा. मागची सीट रिकामी. एवढी लांबलचक कॅनॉपी आणि मागं कोण नाही, म्हणजे गिऱ्हाईक नसलेली वडाप दिसते. ब्लॉक होईपर्यंत आठ दिवस होते म्हणून सागवानाच्या तुकड्यातनं मागचा पायलट कोरला. जरा मिशा ठेवल्या, मास्तर दिसायला पाहिजे ना. ६० ग्रॅम भरला. आता ६० ग्रॅम वाढले म्हणजे सीजी (बॅलन्सचा बिंदू) हलणार, परत नाकात शिसं, अशा तयारीनं बॅलन्स स्टँडवर ठेवलं तर जागचं हललंच नाही. परत काढून ठेवलं, परत तेच. मग मुद्दाम तेच ६० ग्रॅम पुढच्या सीटवर ठेवून बघितले, तर सीजी पाच एमएम पुढं.

म्हणजे मागचा माणूस जवळजवळ बरोबर सीजीवर बसतो. इथं डोक्यात लाइट पेटली. शिकवायच्या ग्लायडरमधे मास्तर कधी असतो कधी नसतो, पोरगं एकटं सोडलं की ते पुढच्या सीटवर बसतं आणि मागं रिकामं. मागची सीट बॅलन्सच्या जागेवर असेल तर मास्तर असो नसो विमानाला फारसा फरक पडत नाही. पण त्याच जागी पंखाचा मुख्य स्पार (भार पेलणारी तुळई) यायला बघतो, आणि माणूस आणि स्पार एका जागी मावत नाहीत. मग स्पार माणसाच्या पाठीमागनं काढायचा आणि पंख पुढं झुकवायचे, म्हणजे पंखाचं मूळ मागं गेलं तरी लिफ्ट (पंखाची उचल) परत सीजीपाशी येते. जर्मन के-७ आणि एएसके-१३ यांचे पंख पण ह्याच कारणासाठी पुढं झुकलेत. ज्या अँगलला मी चार महिने शिव्या घातल्या तो मागच्या सीटवरच्या मास्तरसाठी काढलेला होता आणि किटवाल्यानं नेमका मास्तरच दिला नव्हता.

पण ह्याच अँगलची एक वाईट बाजू आहे आणि तिच्यामुळं जॉइनर एवढा महत्त्वाचा. पुढं झुकलेला पंख लिफ्टनं वर वाकला की टोकाकडचा वाऱ्याला भिडायचा अँगल वाढतो, तो वाढला की लिफ्ट वाढते, लिफ्ट वाढली की अजून वाकतो. मागं झुकलेल्या पंखाचं उलटं असतं, तो वाकला की आपोआप भार सोडतो. म्हणजे असल्या विमानाला मऊ रॉड आणि सैल पिन देणं म्हणजे घाटात उतरणाऱ्या गाडीला ब्रेक लायनर जुने घालणं. सरळ पंखाच्या मॉडेलला हा रॉड कदाचित चालून गेला असता.

खऱ्या विमानाबद्दल थोडं, कारण त्यानंतर मी रात्री झोपायचं सोडून तेच वाचत बसलो. कारेल द्लौही नावाच्या चेकोस्लोव्हाकियाच्या डिझायनरनं हे काढलं, १९५६ साली पहिलं उडालं, कुनोवित्सेच्या लेत कारखान्यात बनलं. २,६०० च्या वर नग गेले, ग्लायडरच्या धंद्यात हा आकडा म्हणजे आपल्या स्प्लेंडरसारखा. त्या काळी क्लबांची बरीचशी ग्लायडर लाकूड आणि कापडाची, हे मात्र पत्र्याचं, फक्त कंट्रोल सरफेसवर (हलणाऱ्या भागांवर) कापड. स्पॅन १६.२ मीटर, रिकामं वजन तीनशे किलोच्या आत, आणि एक किलोमीटर उंचीवरनं सुटलं तर शांत हवेत २८ किलोमीटर जातं, म्हणजे पन्हाळ्याच्या वर एक किलोमीटरवर सोडलं तर कोल्हापुरात येऊन रंकाळ्याला एक चक्कर मारायला पण शिल्लक राहील. नाव ब्लानिक डोंगरावरनं. त्यांच्यात दंतकथा आहे की त्या डोंगरात सरदारांची फौज झोपलीय आणि देशावर फारच वाईट वेळ आली की उठून बाहेर येणार. सर्व्हिस डिपार्टमेंट बहुतेक तिथंच बसतं.

आपल्याकडं पण १९६१ साली रोहिणी नावाचं टू-सीटर ग्लायडर उडालं होतं, लाकडी, शेजारी-शेजारी सीटचं, म्हणजे मागं-पुढं भानगडच नाही. त्याचं किट कोण काढेल तर मी आधी पैसे देतो. लाकडाचं विमान लाकडात करण्यात जी मजा आहे ती पत्र्याचं विमान लाकडात करण्यात नाही.

आणि आता जे वाचून माझी टिंगल बंद झाली ते. जून २०१० मधे ऑस्ट्रियात एका एल-१३ चा मुख्य स्पार हवेतच मुळापाशी तुटला, दोघंही गेले. मेटल फटिग. दिसायला ठणठणीत, आत हळूहळू चीर वाढत गेलेली. त्यानंतर युरोपच्या एव्हिएशन एजन्सीनं एल-१३ जमिनीवर बसवली आणि जगभर क्लबांच्या हँगरात ती धूळ खात पडली, दुरुस्ती आणि तपासणीचा खर्च बऱ्याच क्लबांना परवडण्यासारखा नव्हता. पन्नास वर्षं पोरांना शिकवलेलं विमान, आणि गेलं ते पंखाच्या मुळाशीच. माझं आपलं खेळणं आहे, त्याची तुलना करायची नाही, पण तेव्हापासून ‘सर रॉड लाइफटाइम आहे’ असं कोण म्हणालं की मला राग येतो. धातूला लाइफटाइम नसतो. मी आता वहीत लाँच मोजतो आणि दर पन्नास लाँचला पिना काढून भिंगाखाली बघतो. बायको म्हणते एवढं माझ्या बीपीच्या गोळ्यांचं बघा.

ब्लॉक झकास झाला. ड्युरालचा (कडक ॲल्युमिनियमचा) तुकडा, मिलिंगवर अँगल सेट करून दोन्हीकडनं भोकं, रीमर मारलेली, त्यात सिल्व्हर स्टीलच्या ८ एमएमच्या पिना. मागच्या पिनेला पितळी बुश. एकूण ४५० रुपये, चहा त्यानंच पाजला. बॉडीतला खाचा जरा वाढवावा लागला, वजन ३५ ग्रॅम वाढलं. एप्रिलमधे पठारावर गेलो, पश्चिमेचा वारा चांगला चढलेला, सगळे ट्रिम शून्यावर आणून दोन्ही हातांनी फेकलं आणि ते नाकासमोर गेलं. सरळ. काही न करता सरळ. सांगलीवाला काय बोलला नाही, फक्त त्याच्या फोमच्या विमानाकडं एकदा बघितलं.

मग लूप केला. मग परत केला.

फ्लॅपबद्दल, म्हणजे उतरताना खाली करायच्या पंखाच्या मागच्या पट्ट्यांबद्दल, दोन शब्द. खऱ्या ब्लानिकचे फ्लॅप फाउलर टाइपचे, खाली जाताना मागं पण सरकतात आणि पंखाचं क्षेत्रफळ वाढतं. किटमधे साधे बिजागरीचे दिलेत, नाराज झालो होतो, पण ३० डिग्री टाकले की जांभ्याच्या दोन खडकांमधल्या पट्टीत सुद्धा चालत येऊन बसतं. इथं किटवाल्याला पूर्ण मार्क. कॅनॉपीचं लॅच बरं आहे, चाक फालतू, डिकल पहिल्या उन्हात सुटले.

तर घ्यावं का? लाकूड येत असेल आणि उद्यमनगरासारखी जागा जवळ असेल तर डोळे झाकून घ्या, रॉड मात्र डबा उघडल्या उघडल्या कचऱ्यात टाका. नुसतं जोडून उडवायचं असेल तर फोमचं घ्या. पाचपैकी चार देणार होतो, कालच्या पार्सलमुळं तीन.

काल त्यात काय आलं ते राहिलंच. एप्रिलमधेच मी लिहिलं होतं की रॉडचं मी बघितलंय, तुम्ही फक्त मागच्या सीटचा पायलट पाठवा. पार्सलमधे तिसरा जॉइनर, उजवीकडं ४ डिग्री, आणि एक पायलट. पुढच्या सीटचाच. हात स्टिकवर, गुडघे दुमडलेले, मागच्या सीटमधे बसतच नाही. १८० रुपये.

ब्लॉकचं ड्रॉइंग माझ्याकडं आहे, ज्यांच्याकडं हेच किट आहे त्यांनी आधी उजवा पंख मोजा आणि मग कळवा, ड्रॉइंग फुकट देतो, ४५० लेथवाल्याला द्या.