ब्लोअरच्या माहितीपुस्तिकेसाठी घेतलेली तांत्रिक लेखनसेवा : एक अभिप्राय

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात द्राक्षबागेच्या फवारणीसाठी ट्रॅक्टरचलित ब्लोअर तयार होतात. त्यांची माहितीपुस्तिका आजवर आमचे अभियंतेच इंग्रजीत लिहीत आणि तिचे मराठी भाषांतर बाहेरून करून घेतले जाई. यंदा हे काम आम्ही केवळ तांत्रिक लेखन करणाऱ्या, नाशिकमधीलच एका लहान संस्थेकडे सोपवले. तिच्याविषयी सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, आपले अनेक लघुउद्योजक या कामाला अजून स्वतंत्र व्यवसाय मानत नाहीत.

वास्तविक उपकरण कसे वापरावे हे नीट लिहून देण्याची परंपरा फार जुनी आहे. इंग्रज कवी चॉसर याने १३९१ च्या सुमारास अ‍ॅस्ट्रोलेब या खगोलीय उपकरणाची माहिती दहा वर्षांच्या लुइससाठी लिहिली, आणि त्या मुलाला लॅटिन पुरेसे येत नसल्याने ती इंग्रजीत लिहिली. पण पोटापाण्याचा व्यवसाय म्हणून हे लेखन दुसऱ्या महायुद्धात उभे राहिले. विमाने आणि रडार बनवणारे अभियंते एकीकडे व ती चालवणारे, दुरुस्त करणारे नवखे सैनिक दुसरीकडे, असे अंतर पडल्यावर मध्ये उभा राहणारा लेखक अपरिहार्य झाला. १९४९ मध्ये जोसेफ चॅपलाइन यांनी बायनॅक या संगणकाची वापरपुस्तिका लिहिली, आणि १९५३ मध्ये बोस्टन व न्यूयॉर्क येथे अशा लेखकांच्या दोन संघटना स्थापन झाल्या, ज्या १९५७ मध्ये एकत्र आल्या.

हे मधले स्थान या संस्थेतील आमच्या लेखिकेने पुरेपूर ओळखले होते. त्यांनी जुनी पुस्तिका बाजूला ठेवली, फिटरशेजारी बसून पंप उघडताना पाहिला, निफाडच्या एका बागेत फवारणी पाहिली आणि मगच लेखणी उचलली. आमच्या पुस्तिकेची प्रकरणे सुट्या भागांच्या नावांनी होती. त्यांनी ती बागायतदाराला जे दिसते त्यावरून रचली. ‘प्रेशर येत नाही’ या एकाच मथळ्याखाली आधी तुंबलेला सक्शन फिल्टर, मग हवा ओढणारा पाइप आणि शेवटी फाटलेला डायफ्राम (पंपातील लवचीक पडदा), असा सोप्याकडून अवघडाकडे जाणारा क्रम आहे, आणि प्रत्येक पायरीला रेखाचित्र आहे. मसुदा त्यांनी हा ब्लोअर कधीही न हाताळलेल्या ट्रॅक्टरचालकाच्या हाती दिला आणि तो जिथे अडखळला तिथली वाक्ये बदलली. ही चाचणी मला संपूर्ण सेवेतील सर्वांत मोलाची वाटली.

उणिवाही आहेत. पीटीओ शाफ्टच्या, म्हणजे ट्रॅक्टरची शक्ती ब्लोअरला देणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, सुरक्षा आवरणाची सूचना पहिल्या मसुद्यात शेवटच्या पानांत गेली होती. मिनिटाला ५४० फेरे घेणाऱ्या शाफ्टबाबत ती जोडणीच्या पायरीआधीच हवी, हे आम्हाला सांगावे लागले. पुस्तिकेत विषयसूची नाही. शुल्क भाषांतरापेक्षा बरेच अधिक आहे, मात्र कारखान्यातील व बागेतील वेळ त्यात धरलेला असल्याने ते मला रास्त वाटते.

काम सावकाश चालते. ऑक्टोबर छाटणीपूर्वी पुस्तिका छापून हवी असेल, तर उन्हाळ्यातच काम सोपवावे आणि एक चालू स्थितीतील यंत्र लेखिकेसाठी मोकळे ठेवावे.