नागदेवी स्ट्रीटचा गेज आणि तिसऱ्या गिअरला खोकणारी एस्टीम

माझी मारुती एस्टीम १९९६ ची. इंजिन १२९८ सीसी, मूळ कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) काढून वेबर कंपनीचा ३२/३६ बसवलेला, मागची सीट कधीच भंगारात गेलेली. वर्षातून एखाद-दोनदा तिला ट्रकवर चढवून अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर नेतो आणि ४०२ मीटर, म्हणजे पाव मैल, पळवतो. दुखणं असं होतं की पहिला गिअर झकास, दुसरा झकास आणि तिसऱ्यात, साधारण अडीचशे मीटरवर, गाडी खोकायची. पाय उचलला की दोन सेकंदांत पुन्हा शहाणी.

भांडुपच्या आमच्या मिस्त्रींचं निदान ठरलेलं: "जेट बारीक आहे." म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारं भोक लहान. प्लग पांढरेफटक निघत होते, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडत होतं, त्यामुळे मलाही ते पटलं. चार महिने जेट बदलले. मोठा जेट टाकला तर खोकला अडीचशेऐवजी दोनशे मीटरवर आला. तिथेच डोकं चालायला हवं होतं. जेट मोठा केला की बाऊलमधलं, म्हणजे कार्बोरेटरच्या छोट्या साठ्यातलं, पेट्रोल लवकर उपसलं जातं. मागून येणारंच कमी असेल तर बाऊल लवकर रिकामा होणार. जेटचा यात काहीच दोष नव्हता.

शेवटी पेट्रोलचा दाब मोजायचा गेज आणायला एका शनिवारी मस्जिद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेलो. पाइप, कॉक, फिटिंग आणि गेज यांनी खच्चून भरलेली ती गल्ली ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी हातगाडीखाली पाय न देता चालायचा सराव करून जावं. एका चिंचोळ्या दुकानातून ६३ मिलिमीटर डायलचा, ग्लिसरीन भरलेला, ० ते १५ पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं माप) गेज घेतला, ६४० रुपयांना. दुकानदाराने आधी ० ते १०० चा पुढे केला: "गाडीके लिये सब यही ले जाते है, भाऊ." एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाल्या, गाडीत दाब जास्त, तिच्यासाठी तो ठीकच. पण या गेजची अचूकता पूर्ण स्केलच्या १.६ टक्के असते. १०० च्या गेजमध्ये ती चूक १.६ पीएसआय, १५ च्या गेजमध्ये पाव पीएसआय. वेबरला हवे ३ पीएसआय. साडेतीनच्या वर गेलं की निडल-सीटला, म्हणजे बाऊलमध्ये येणारं पेट्रोल अडवणाऱ्या झडपेला, ते आवरत नाही आणि बाऊल वाहायला लागतो. तिथे १०० चा गेज म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर केशर मोजणं. हे समजावल्यावर दुकानदाराने माळ्यावरून दोन डबे उतरवले आणि हवा तो काढून दिला. कुरकुर केली नाही, याचे गुण वेगळे.

गेजची आटी पाव इंची बीएसपी आणि माझा रेग्युलेटर (पेट्रोलचा दाब बांधून ठेवणारा) एनपीटी, म्हणजे आट्यांची दोन वेगळी मापं. दोन्ही सारख्याच दिसतात, दोन फेरे बसतातही, आणि मग पेट्रोल झिरपतं. अडॅप्टर त्याच वेळी मागून घ्या. आणि पांढरी टेप गुंडाळू नका. तिचा एक धागा निडलखाली अडकला की नवीन आजार विकत घेतलात.

गेज मी केबिनमध्ये घेतला नाही. पेट्रोलने भरलेली नळी मांडीजवळ आणायचा माझा बेत नाही. वायपरच्या जाळीवर, काचेच्या बाहेर बांधला आणि डॅशबोर्डवर मोबाइल लावून काट्याचं चित्रीकरण केलं. उभ्या गाडीत रेस दिली तर काटा ३ वर ढिम्म. मिस्त्री म्हणाले, "बघा, प्रेशर आहे." पण भाराशिवाय रेस दिल्यावर इंजिन पितंच किती? धावपट्टीवरच्या चित्रणात सुटताना ३, दुसऱ्या गिअरला २, तिसऱ्यात अर्धा.

त्याआधी मात्र या गेजने मला चांगलंच घाबरवलं. दुपारच्या उन्हात, तापलेल्या बोनेटजवळ काटा उभ्या गाडीतच दीडवर आला. ग्लिसरीनचा गेज बंद डबी असतो. उन्हाने आतला दाब वाढतो आणि काटा खाली दाखवतो. वरचं रबरी बूच जरा उचललं, फुस्स झालं, काटा परत ३ वर. ही गोष्ट ना डब्यावर लिहिलेली, ना कोणी सांगितलेली. एवढ्यासाठी एक गुण कापतो.

पुढचं काम घरीच झालं. इंजिन गार, ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची वायर काढलेली, अग्निशामक शेजारी, आणि कार्बोरेटरची नळी काढून मापाच्या कॅनमध्ये सोडलेली. पेट्रोलचा विजेवरचा पंप एक मिनिट चालवला तर जेमतेम पाव लिटर. माझ्या अंदाजाने नव्वद अश्वशक्तीच्या इंजिनाला पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला साडेचारशे मिली तरी लागतं. पंपाच्या तोंडाशी व्होल्ट मोजले, १२.९ मिळाले, म्हणजे वायरिंग निर्दोष. टाकीत हवा शिरत नसेल म्हणून झाकण उघडून पाहिलं, फरक शून्य. मग टाकीकडची नळी सोडून पंपाला आखूड नळीने थेट कॅनमधून पाजलं, तर मिनिटाला सव्वा लिटर!

गुन्हेगार टाकी ते पंप यांच्यातली रबरी नळी. बाहेरून चकचकीत. उभी चिरली तर आतला थर फुगून भोक काडीएवढं राहिलेलं. जुनी नळी आणि ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, दोघांचं जमलं नाही. इथेनॉल चालेल अशी नळी टाकली, फिल्टर बदलला. शिवाय गाडी झेपावते तेव्हा साडेतीन मीटर पाइपातलं पेट्रोल मागे रेलतं, त्यात एखादा पीएसआय जातोच. म्हणून रेग्युलेटर पुढे, कार्बोरेटरजवळ आणला. आता तिसऱ्यातही काटा अडीचच्या खाली येत नाही. जेट परत मूळचाच बसवला आहे. मिस्त्री त्याला "मी म्हटलंच होतं" म्हणतात.

एक सावधगिरी: वारंवार बूच उचलायचा कंटाळा येऊन मी ते कापूनच टाकलं. खंडाळ्याच्या घाटात ट्रकच्या हेलकाव्यांनी अर्धं ग्लिसरीन काचेवर सांडलं आणि वायपर लावल्यावर ते सगळीकडे पसरलं. पुढचा गेज कोरडा घेणार आहे. काटा थरथरला तर थरथरू दे.