मोटर बदलल्याचं बिल, आणि आत जुनीच मोटर

अमेरिकेत मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सला जानेवारीत पहाटे गाडी काढायची तर हीटर ही चैन नसते. मिशिगन तलावाकडून येणारा बर्फ काचेवर बसतो, आतून श्वासाची वाफ धरते, आणि ब्लोअरने गरम हवा काचेवर फेकली नाही तर समोरचा रस्ता दिसत नाही. माझ्या 2002 च्या पिकअप ट्रकचा ब्लोअर बिघडला तेव्हा घाईत जवळचं गॅरेज गाठलं.

वेग एक, दोन, तीनवर ठेवला तर पंखा ढिम्म. चारवर मात्र जोरात वारा. हे मी सांगितलंही. अर्ध्या तासाने मेकॅनिक म्हणाला, "मोटर जळली आहे, वायरिंगही बदलावं लागेल." 640 डॉलर. मी तोंडीच हो म्हटलं. चूक तिथेच झाली.

जळलेली मोटर चारवर तरी कशी फिरेल? कमी वेगांना वीज रेझिस्टरमधून, म्हणजे वीज अडवून पंख्याचा वेग कमी करणाऱ्या भागातून जाते, पूर्ण वेगावर त्याला वगळून थेट मोटरला मिळते. फक्त शेवटचा वेग चालत असेल तर आधी रेझिस्टर आणि त्याचा प्लग पाहायचा. हा भाग मोटरपेक्षा कितीतरी स्वस्त असतो.

तीन आठवड्यांत पुन्हा तेच. शेजारचे निवृत्त इलेक्ट्रिशियन काका टॉर्च घेऊन आले आणि डॅशबोर्डखाली, प्रवाशाच्या पायाशी असलेली मोटर त्यांनी खाली काढली. पंख्यात सुकलेली पानं, वर्षानुवर्षांची धूळ. नवा होता तो फक्त रेझिस्टर, आणि तोही गेलेला, प्लग एका बाजूने वितळलेला. पंखा हाताने फिरवला तर अडत होता. अशी जड झालेली मोटर जास्त करंट ओढते आणि प्लग तापून वितळतो. म्हणजे मोटर बदलायला हवीच होती. तिचे पैसे घेतले आणि तीच आत ठेवली, याचा संताप अजून जात नाही.

कुठल्याच वेगावर पंखा फिरत नसेल तर आधी फ्यूज बघा. मग वेग चारवर ठेवून मोटरच्या प्लगला व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर लावा. 12 व्होल्टच्या आसपास येऊनही मोटर गप्प असेल, तरच मोटरला दोष द्या. हलकेच ठोकल्यावर ती फिरू लागली तर आतले कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश, झिजलेले असण्याची शक्यता मोठी.

मिशिगनमध्ये वाहनदुरुस्तीचा 1974 चा कायदा आहे. खर्चाचा अंदाज लेखी घेता येतो, काढलेले भाग परत मागता येतात. इथे नव्याने आलेल्या आपल्या मुलांना हे कुणी सांगत नाही, मलाही कुणी सांगितलं नव्हतं. मी जुनी मोटर मागितली तेव्हा "भंगारात गेली" असं उत्तर मिळालं. ती तर माझ्याच ट्रकमध्ये होती.

मिशिगन राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या, म्हणजे गॅरेजांवर देखरेख ठेवणाऱ्या, कार्यालयाकडे तक्रार पाठवली आहे. सोबत बिल, आणि पानांनी भरलेल्या त्या मोटरचे फोटो.