डिव्हिजन थ्रीची स्विमिंग स्कॉलरशिप आणि आमचे साडेतीन हजार डॉलर

एनसीएए म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांची संघटना. तिच्या डिव्हिजन थ्री या गटातल्या कॉलेजात पोहण्याची स्कॉलरशिप मिळवून देतो असं कोणी म्हणालं, तर तिथेच फोन ठेवा. अशी स्कॉलरशिप नसतेच. डिव्हिजन वन आणि टूमध्ये खेळासाठी पैसे देता येतात, थ्रीमध्ये नियमानेच बंदी आहे. ओहायोतलं केन्यन कॉलेज याच गटातलं. त्यांच्या मुलांच्या संघाने १९८० ते २०१० अशी सलग ३१ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, तीही स्विमिंग स्कॉलरशिपशिवाय.

आम्हाला न्यू जर्सीत एका ‘रिक्रूटिंग कन्सल्टंट’ने गाठलं. मुलगी अकरावीत, दोनशे यार्ड ब्रेस्टस्ट्रोकमध्ये बरी, पण डिव्हिजन वनच्या टायमिंगपासून लांब. हे त्याला आधीच ठाऊक होतं. क्लबच्या मीटमधली, म्हणजे स्पर्धांमधली, टायमिंग्ज कोणालाही ऑनलाइन बघता येतात. “छोटी कॉलेजं हिच्यासाठी रांग लावतील. निम्मी फी माफ करून घेऊ, कोच सगळे ओळखीचे आहेत.” मराठी बोलायचा, मला ताई म्हणायचा. आम्ही त्याला साडेतीन हजार डॉलर दिले.

मग ‘कोचची पत्रं’ येऊ लागली. नीट वाचली तर बहुतेक उन्हाळी कॅम्पची आमंत्रणं, तीही पैसे भरून जायची. टीमच्या वेबसाइटवर भावी खेळाडूंसाठी एक फॉर्म असतो, फुकट. याने तो भरला होता, त्यातूनच ही पत्रं. आणि त्यात तिचा जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी, तीसुद्धा चुकीची!

भांडं फुटलं ते मुलगी पेनसिल्व्हेनियातल्या एका कोचशी स्वतः बोलली तेव्हा. त्या बाईंनी सरळ सांगितलं: पोहण्यासाठी मी एक डॉलरही देऊ शकत नाही. अकरावी संपली की मार्कशीट पाठव, ॲडमिशन ऑफिसकडून आधीच नजर टाकून घेते. याला प्री-रीड म्हणतात. एजंटचे मेल त्या उघडतही नाहीत म्हणे.

खरा धोका मात्र पुढे होता. नोव्हेंबरात अर्ली डिसिजनचा अर्ज भरा, म्हणून हा माणूस मागे लागला होता. त्यात प्रवेश मिळाला की तिथेच जायचं कबूल केलेलं असतं, बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात. आणि कशाच्या भरवशावर? नसलेल्या स्कॉलरशिपच्या! या कॉलेजांत मदत मिळते ती घरच्या उत्पन्नावर, काही ठिकाणी मार्कांवर. अंदाज हवा असेल तर प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर आहे. आपले आकडे घाला, रक्कम दिसते. (विल्यम्स, ॲमहर्स्टसारखी कॉलेजं मार्कांवरही देत नाहीत, फक्त गरजेवर.)

पैसे परत मागितले तर त्याने करारातलं कलम दाखवलं: प्रोफाइल तयार झालं की सेवा पूर्ण. क्रेडिट कार्डवाल्यांनीही तेच धरलं. राज्याच्या ग्राहक विभागाकडे तक्रार दिली आहे.

मुलगी आता त्या-त्या कॉन्फरन्स मीटचे, म्हणजे कॉलेजांच्या गटाच्या आपसातल्या स्पर्धेचे, निकाल काढते, आपलं टायमिंग पहिल्या सोळांत बसतं का बघते आणि कोचना स्वतः मेल करते. उत्तरं येतात. तो माणूसही मीटला येतोच. परवा दहावीतल्या मुलांच्या पालकांमध्ये बसून हीट शीटवर, म्हणजे शर्यतींच्या यादीवर, खुणा करत होता.